कॅनोपीच्या नाकावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरकुत्या: जेलकोट, वजन आणि कोल्हापूरचा पावसाळा

रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टरच्या पुढच्या भागावरचं कवच म्हणजे कॅनोपी. तिच्या साच्याचे बोल्ट काढले, फ्लँजमध्ये, म्हणजे साच्याचे दोन अर्धे जोडणाऱ्या कडेत, लाकडी पाचर घालून हलकेच ठोकलं आणि कॅनोपी सुटली. दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत, नाकावर मात्र हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या. मग पुटी, वॉटर पेपर, प्रायमर, परत पुटी, रंग. दोन-चार दिवस कॅनोपी उन्हात राहिली की तीच सुरकुती रंगाखालून वर येते. पुढची कॅनोपी काढली तरी त्याच जागी तोच प्रकार.

रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टरच्या कॅनोप्या घरी फायबरमध्ये करणाऱ्यांची ही जुनीच तक्रार आहे, आणि जून ते सप्टेंबर ती जास्त ऐकू येते. दोष दिसतो साचा उघडताना, पण तो तयार होतो आदल्या दिवशी, जेलकोटवर, म्हणजे साच्यात आधी मारलेल्या रंगीत थरावर, कापड भिजवायचं पहिलं रेझिन लागल्यानंतरच्या थोड्याच मिनिटांत. त्यामुळे साच्यातून निघालेल्या कॅनोपीवर कितीही मेहनत केली तरी ती मलमपट्टीच ठरते.

आधी दोष ओळखा

कॅनोपी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि ट्यूबचं प्रतिबिंब पृष्ठभागावरून सरकवत न्या. प्रतिबिंब तुटून जाळीसारखं झालं तर ती खरी सुरकुती. प्रतिबिंबात कापडाची वीण उमटली असेल, म्हणजे चौकटी-चौकटी दिसत असतील, तर रेझिन आकसून खालचं कापड वर दिसतंय. तो वेगळा आजार आहे. सुईच्या टोकाएवढी भोकं असतील तर आत हवा अडकली आहे. ढगासारखा पांढुरका पट्टा असेल तर ओल.

मग एक रुपयाच्या नाण्याने टकटक करत सगळ्या कॅनोपीवरून फिरा. भरीव जागी आवाज कडक येतो, पोकळ जागी बोदा. बोद्या जागेवर पेन्सिलने गोल करून ठेवा.

शेवटी ॲसिटोनची चाचणी. कापसाच्या बोळ्याला थोडं ॲसिटोन लावून सुरकुतीवर वीस सेकंद घासा. बोळ्याला रंग आला किंवा जागा चिकट झाली तर तिथला जेलकोट आजही कच्चा आहे, आणि त्यावर लावलेली पुटी आज ना उद्या उचलणार. बोळा कोरडा राहिला तर जेलकोट नंतर पिकला, म्हणजे पूर्ण घट्ट झाला आहे. ती कॅनोपी वाचते.

सुरकुती पडते कशी

पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं. ते द्रावकही आहे आणि पुढे प्रक्रियेत भाग घेऊन घट्टही होतं. जेलकोट अर्धवट पिकलेला असताना त्यावर ताजं रेझिन लावलं की त्यातलं स्टायरीन जेलकोटमध्ये शिरतं. जेलकोट फुगतो, बाजूला पसरायला जागा नसते, म्हणून साच्यापासून सुटून घड्या पडतात. वर कापड आणि रेझिन असल्याने त्या वेळी काहीच दिसत नाही.

जेलकोट कच्चा राहण्याची कारणं चार: थर पातळ, हार्डनर (घट्ट करणारं रसायन) कमी, साचा थंड किंवा कुठेतरी पाणी. यातलं पहिलं कारण हेलीवाल्यांच्या बाबतीत बाकी तिघांना भारी पडतं, कारण ते चुकून घडत नाही, जाणूनबुजून केलं जातं. कॅनोपी हलकी हवी म्हणून जेलकोट ‘फक्त रंग दिसेल एवढाच’ मारला जातो. पातळ थराला पिकण्यासाठी लागणारी स्वतःची उष्णता तयार करता येत नाही आणि त्यातलं स्टायरीनही हवेत उडून जातं. असा थर चार तास ठेवला तरी कच्चाच राहतो.

ब्रशने मारलेला जेलकोट ०.४ ते ०.५ मिलिमीटर लागतो. ०.३ च्या खाली गेला की सुरकुतीला आमंत्रणच. आणि नाकच का? तिथे वळण आवळ असतं, ब्रशचे केस तिथल्या कडेवर थर खरवडतात आणि पार्टिंग लाइनजवळच्या (दोन अर्धे जुळतात ती रेषा) उभ्या भिंतीवरून उरलासुरला जेलकोट ओघळून खाली जातो. खोल साच्यात आणखी एक भानगड असते. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून राहते आणि तिथला थर पिकू देत नाही. म्हणून जेलकोट मारल्यावर साचा मधूनमधून तिरका करून ती वाफ बाहेर ओतावी किंवा पुठ्ठ्याने अधूनमधून वारा घालावा. पंखा थेट साच्यावर सोडू नका. वरची साय वाळते, खाली तसंच राहतं.

आता वजनाचा हिशोब

साच्याचं क्षेत्रफळ अंदाजाने सांगू नका, मोजा. ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) झेरॉक्स कागद फाडून साच्याच्या एका अर्ध्यात आतून तुकडे बसवा, एकावर एक न चढवता. मग सगळे तुकडे काढून वजन करा. ग्रॅमला ७५ ने भागलं की चौरस मीटर. ५.२५ ग्रॅम कागद लागला तर एक अर्धा ०.०७ चौरस मीटर, दोन्ही मिळून ०.१४. ५०० साइजच्या हेलीसाठी (हेलीचे आकार ४५०, ५००, ६००, ७०० अशा नंबरांनी ओळखतात) हिशोबाला हाच आकडा धरू.

०.४ मिलिमीटर जेलकोट म्हणजे एका अर्ध्याला २८ घन सेंटिमीटर. घनता १.२ धरली तर ३४ ग्रॅम. दोन्ही अर्ध्यांचे ६८ ग्रॅम, नुसत्या रंगीत सालीचे! वर ३०० जीएसएम चॉप्ड मॅटचा (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) एक थर घातला तर काच ४२ ग्रॅम, आणि मॅटला तिच्या वजनाच्या दुपटीहून जास्त रेझिन लागतं, म्हणजे ९५ च्या आसपास. एकूण २०५ ग्रॅम.

त्याऐवजी इपॉक्सी, म्हणजे स्टायरीन नसलेलं वेगळं रेझिन, घेऊन १०० जीएसएमचा एक आणि २०० जीएसएमचा एक असे विणलेल्या कापडाचे दोन थर घातले तर काच तेवढीच, ४२ ग्रॅम. रेझिनही साधारण तेवढंच. साच्यात मारलेल्या रंगाचे २५ धरा. एकूण ११० ग्रॅम.

फरक ९५ ग्रॅमचा, आणि तो सगळा मेन शाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या उभ्या दांड्याच्या) पुढे. कॅनोपीचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून १० सेंटिमीटर पुढे धरला आणि बॅटरी ४५० ग्रॅमची असली तर समतोलासाठी बॅटरी दोन सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त मागे न्यावी लागते. बहुतेक फ्रेममध्ये मागे तेवढी जागाच नसते.

म्हणून स्पष्टच सांगायचं तर ४५० आणि ५०० साइजला पॉलिएस्टर जेलकोट वापरूच नका. जेलकोट पाण्याच्या टाकीसाठी, होडीसाठी, दरवाज्यासाठी, बसच्या पॅनेलसाठी आहे. फायबरचं काम करणाऱ्या कारागिराला ६८ ग्रॅम म्हणजे डब्याच्या तळाला राहिलेला माल. तो सांगतो ते त्याच्या कामापुरतं बरोबरच असतं, फक्त आपलं काम वेगळं आहे. ६०० आणि ७०० साइजला, विशेषतः रोज उडणाऱ्या नायट्रो (इंधनावर चालणाऱ्या) मशीनला, पूर्ण जाडीचा जेलकोट चालून जातो. पण मग तो ०.४ च्या खाली आणायचा नाही.

जेलकोटच वापरायचा असेल तर

कप आणि ब्रश यांचं एकत्र वजन आधी घ्या, मारून झाल्यावर परत घ्या. फरक एका अर्ध्याला ३४ ग्रॅमच्या खाली असेल तर अजून मारा. एकाच बैठकीत, आडवा-उभा हात फिरवत मारा. पहिला हात अर्धवट सेट झाल्यावर दुसरा मारला तर दुसऱ्या हातातलं स्टायरीन पहिल्याला सुरकुतवतं. म्हणजे रेझिन लावायच्या आधीच घोळ.

हार्डनर, म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड), वजनाने १.५ टक्के. १ च्या खाली जेलकोट कधीच नीट पिकत नाही, २.५ च्या वर गेलं तरी बिघडतो, कारण जादा हार्डनर आत तसाच राहतो. ३४ ग्रॅमला १.५ टक्के म्हणजे ०.५१ ग्रॅम. हे बाटलीच्या झाकणाने किंवा ‘पंधरा-वीस थेंब टाक’ म्हणून मोजता येत नाही. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर तर ०.५१ दिसणारच नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशात मावणारा काटा घ्या, गुजरीतल्या सोनारांकडे असतो तसला. नाहीतर १ मिलीची सुई काढलेली सिरिंज घ्या: ०.४५ मिली साधारण अर्धा ग्रॅम भरतो.

इथे एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवण्यासारखी. कोबाल्ट, म्हणजे पिकण्याचा वेग वाढवणारा जांभळा ॲक्सिलरेटर, आणि एमईकेपी कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. त्याहून सोपं म्हणजे दुकानातून आधीच ॲक्सिलरेट केलेलं रेझिन आणि जेलकोट मागून घ्यायचा, घरात कोबाल्टची बाटलीच नको. ॲसिटोन आणि एमईकेपीही एकत्र येऊ देऊ नका. हार्डनर मोजताना चष्मा लावा. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून थेट दवाखाना.

पुढे जायची वेळ बोटाने ठरते. फ्लँजवरच्या जेलकोटवर बोटाचं पेर ठेवून उचला. चिकटल्यासारखा हलका ‘चट्’ आवाज यावा, बोटाचा ठसा उमटावा, पण बोटाला रंग लागता कामा नये. मग नाकाच्या आतल्या वळणातही हीच परीक्षा घ्या, कारण फ्लँज आधी पिकतो आणि फसवतो. रंग लागला तर थांबा. अजिबात चिकटत नसेल आणि रात्र उलटून गेली असेल तर उशीर झाला. मग २२० नंबरच्या घासायच्या कागदाने हलकं खरखरीत करूनच पुढे जा.

पावसाळ्याचं गणित

पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या की घरातल्या हवेत किती पाणी असतं ते सांगायला नको. २४ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २२ अंशांच्या थोडा वर येतो. याचा अर्थ असा, की रात्रभर शहाबादी फरशीवर पडून असलेला साचा २२ अंशांवर असला तर सकाळी त्यावर डोळ्याला न दिसणारी ओल धरलेली असते. कोरड्या फडक्याने पुसून उपयोग नाही, ती पुन्हा बसते. साचा दवबिंदूच्या निदान ३ अंश वर हवा.

उपाय वाटतो त्यापेक्षा स्वस्त आहे. तीच हवा २४ वरून ३२ अंशांना नेली तर आर्द्रता ९० वरून ५६ टक्क्यांच्या आसपास येते, पाणी एक थेंबही न काढता. एक मोठं खोकं घ्या, आतून थर्मोकोल लावा, त्यावर फॉइल, आणि ६० वॉटचे दोन जुन्या पद्धतीचे बल्ब. बल्ब थर्मोकोलपासून वीतभर लांब ठेवा. एलईडी बल्ब इथे कुचकामी. आत थर्मामीटर लटकवून झाकण कमी-जास्त करत ३५ अंशांवर आणा. साचा, कापड, रेझिनचे झाकणबंद डबे सगळं आदल्या रात्रीपासून या पेटीत. हार्डनर मात्र पेटीत ठेवायचा नाही. ओला जेलकोट किंवा ओलं पॉलिएस्टरही आत नको, कारण स्टायरीनची वाफ पेट घेते.

पावसाळ्यात ओल शिरण्याच्या तीन जागा लक्षात घ्या.

पीव्हीए. माल साच्याला चिकटू नये म्हणून साच्यावर वॅक्सनंतर मारायचा हा हिरवट किंवा निळसर थर पाण्यात विरघळणारा असतो. एरवी अर्ध्या तासात वाळतो. जुलैत दोन तासांनीही हाताला कोरडा लागतो, पण खोबणीत ओला असतो. त्याच्यावर जेलकोट गेला की तिथे चिकट पट्टा आणि सुरकुती ठरलेली. तीन पातळ हात द्या, प्रत्येकानंतर साचा पेटीत ठेवा. खोबणीत साचलेला पीव्हीए ब्रशच्या कोरड्या टोकाने टिपून घ्या.

कापड. मॅटचा रोल किंवा कापड उघडं ठेवलं तर ओल ओढतं आणि रेझिन त्यात नीट मुरत नाही. पांढुरके ढग इथूनच येतात. पॉलिथिनच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, माळ्यावर ठेवा.

तिसरी जागा पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो मूळ आकार) आणि साचा. प्लास्टरचा पॅटर्न जूनमध्ये ओतला असेल तर तो ‘वाळला’ म्हणणं धाडसाचं आहे. रोज वजन करा. सलग तीन दिवस वजन उतरलं नाही तर वाळला समजा, मग लॅकरने सील करा. नव्या पॉलिएस्टर साच्यालाही पहिले दोन आठवडे विश्रांती द्या, कारण त्यातलं उरलेलं स्टायरीन वॅक्समधून वर येतं आणि पहिलीच कॅनोपी चिकटते.

कोल्हापुरात पॅटर्नच्या बाबतीत एक सोय आहे. फाउंड्रीसाठी सागवानी पॅटर्न करणारे कारागीर शिरोली आणि उद्यमनगर भागात आहेत आणि पार्टिंग, ड्राफ्ट हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. कॅनोपीच्या पॅटर्नला भिंतींवर २ ते ३ अंश ड्राफ्ट (साच्यातून सुटावं म्हणून दिलेला उतार) आणि कुठल्याही आतल्या कोपऱ्याला निदान ३ मिलिमीटर गोलाई, एवढं सांगितलं की पुरे. नाकाखालच्या हवेच्या झरोक्याची कड धारदार ठेवायचा मोह होतो, कारण कारखान्याच्या कॅनोपीत ती तशी असते. तिथे कापड वळत नाही, पूल बांधतं, आणि त्या पुलाखाली हवेची पोकळी राहते. नाण्याला बोदा आवाज देणारी जागा बहुधा हीच असते.

बिघडलेली कॅनोपी वाचवता येते का

सुरकुती जेलकोटवर रेझिन लावण्याआधीच दिसली तर दया दाखवू नका. सगळा थर लाकडी चमच्याने खरवडा, ॲसिटोनने पुसा, साच्याला वॅक्स आणि पीव्हीए पुन्हा द्या. अर्धा तास जाईल, पण एक कॅनोपी वाचेल.

लॅमिनेशन (कापड आणि रेझिनचे थर) झाल्यावर लक्षात आली तर कॅनोपी साच्यातून काढण्याची घाई नको. साचा बोल्टसह एक-दोन दिवस हवेशीर जागी राहू द्या, स्टायरीनचा उग्र वास गेला की पेटीत ४५ अंशांवर सहा तास. पिकायचं तेवढं आकार धरून पिकेल. बाहेर काढून तापवली तर ती पिळवटते आणि मग पुढचा ग्रोमेट (भोकात बसवलेली रबरी कडी) दांड्यावर बसत नाही. नंतर ॲसिटोनची चाचणी. बोळा कोरडा राहिला तर सुरकुत्या १२० ने पूर्ण कापून काढा, काच दिसली तरी चालेल. इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म मण्यांची पूड) कालवून दाट लेप भरा, २२०, ४००, मग टू-के (दोन भाग मिसळून लावायचा) प्रायमर. घड्यांच्या टोकांवरच कागद फिरवून खाली पुटी भरली तर घड्यांच्या पोटातली हवा तशीच राहते. उन्हात ती फुगते आणि ‘सुरकुती परत आली’ असं वाटतं. ती कुठे गेलीच नव्हती.

बोळ्याला अजून रंग येत असेल तर ती कॅनोपी भिंतीवर टांगायला ठेवा.

इपॉक्सीचा मार्ग, लहान हेलीसाठी

भारतात सहज मिळणाऱ्या दोन जोड्या आहेत: लॅपॉक्स एल-१२ आणि के-६, किंवा अराल्डाइट एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१. दोन्हींचं प्रमाण वजनाने १०० ला १०. पॉलिएस्टरची सवय असलेला माणूस इथे एक चूक हमखास करतो: लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर वाढवतो. एमईकेपी प्रक्रिया सुरू करून देतो. इपॉक्सीचा हार्डनर स्वतःच रेझिनशी जोडला जाणारा घटक आहे. जादा टाकला की जादाचा सुटा राहतो आणि कॅनोपी रबरासारखी मऊ राहते, ती मग कितीही तापवा.

एका अर्ध्यासाठी वाया जाणारं धरून ३० ग्रॅम मिश्रण पुरतं: रेझिन २७.३, हार्डनर २.७. इथे एका ग्रॅमची चूक म्हणजे ३७ टक्क्यांची चूक, म्हणून तोच सोनाराचा काटा. तीन मिनिटं ढवळा, कपाच्या कडा खरवडत. मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एक मिनिट ढवळा, कारण पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन चिकटून असतं. चिकट ठिपके तिथून येतात. मिश्रण उथळ पसरट भांड्यात ठेवा, खोल कपात ते लवकर तापतं.

रंग साच्यातच मारा. वॅक्स सिलिकॉन नसलेला कार्नोबा घ्या. गाडीच्या पॉलिशने रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. नव्या साच्याला सहा हात, प्रत्येकानंतर चकाकी आणून तासभर विश्रांती. त्यावर पीव्हीए, त्यावर टू-के पीयू (पॉलियुरेथेन) रंग दोन पातळ हात, शेवटी पांढरा किंवा राखाडी टू-के प्रायमर. नखाने दाबल्यावर खूण पडते पण बोटाला लागत नाही, अशा अवस्थेत इपॉक्सी घालायचं. रात्रभर राहिलं तर स्कॉच-ब्राइट हलक्या हाताने फिरवा, नाहीतर पुढे उन्हात रंगाची साल निघते. डेकलच्या (नक्षीच्या) रेषा साच्यात उलट क्रमाने माराव्या लागतात, आधी वरचा रंग, मग खालचा. पहिल्या वेळी सगळेच चुकतात, म्हणून क्रम कागदावर लिहून साच्याशेजारी चिकटवा.

कापड घालण्याआधी वळणांच्या खोबणीत इपॉक्सी आणि कॅबोसिलची (सिलिकाची अतिबारीक पूड) दाट पेस्ट बोटाने भरून गोलाई द्या. हे केलं की पोकळ जागा जवळजवळ संपतात. मग १०० जीएसएमचं कापड ४५ अंशांत तिरकं कापून घाला. तिरकं कापड नाकाच्या वळणावर घडी न पडता बसतं. त्यावर २०० जीएसएम सरळ. ब्रश ओढू नका, टोकाने ठोके मारा. ओढला की कापड सरकतं आणि नाकापासून सुटतं. कापड पारदर्शक दिसलं की थांबा. चकाकणारं डबकं दिसत असेल तर रेझिन जास्त झालंय, टिश्यूने टिपून घ्या.

चॉप्ड मॅट इपॉक्सीबरोबर वापरू नका. मॅटमधले धागे एकत्र धरणारा डिंक स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीनच नाही. मॅट कडक राहते आणि वळणावर उभी राहते.

ग्रोमेटच्या चारही जागांवर २५ मिलिमीटर व्यासाच्या कापडाच्या दोन चकत्या, एक सरळ, एक तिरकी, ओल्यातच लावा. कार्बनचं कापड ‘मजबुतीसाठी’ पूर्ण कॅनोपीत घालायचा विचार असेल तर तो सोडा: कार्बन रिमोटचा २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल अडवतो, काच अडवत नाही.

तीन-चार तासांनी, हवामानाप्रमाणे, लॅमिनेट चपलेच्या कातड्यासारखं होतं. दाबलं तर दबतं, पण आकार सोडत नाही. याच वेळी नव्या ब्लेडने फ्लँजच्या पातळीत जादा कापड कापा, ब्लेड साच्याच्या आतून बाहेर ढकलत. बाहेरून आत ओढलं तर कडेचा रंग उचलतो. ही वेळ हुकली तर दुसऱ्या दिवशी तेच काम करवतीने आणि धुळीत करावं लागतं.

दोन्ही अर्धे साच्यातच जोडायचे. बोल्ट आवळा, खालच्या उघड्या बाजूने हात घालून सांध्यावर ३० मिलिमीटर रुंदीची १०० जीएसएमची पट्टी द्या, नाकापाशी दुहेरी. पण त्याआधी एक पायरी आहे, आणि पावसाळ्यात ती गाळली तर सांधा पहिल्याच कडक लँडिंगला उघडतो. हे अमाइन हार्डनर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड धरून पृष्ठभागावर मेणासारखी साय आणतात. हाताला तेलकट लागते. थिनरने ती जात नाही, नुसती पसरते. कोमट पाणी आणि स्कॉच-ब्राइटने धुवा, पुसून पेटीत वाळवा, मग ८० च्या कागदाने सांध्याची कड खरखरीत करा. कागद आधी फिरवला तर साय घासून आत जाते, म्हणून धुणं आधी. साच्यात मारलेल्या पीव्हीएला पाणी लागू देऊ नका, ओलं फडकं पुरतं.

पट्टी दिल्यावर चोवीस तास साच्यात, आणि शक्य असेल तर शेवटचे सहा तास पेटीत ५० अंशांवर, बोल्ट न काढता. खोलीच्या तापमानालाच पिकलेलं इपॉक्सी साठ अंशांच्या आत मऊ पडू शकतं, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या काचेमागे काळी कॅनोपी तेवढी तापते. पिळवटलेल्या कॅनोप्यांचं निम्मं कारण साच्यात नसतं, डॅशबोर्डवर असतं.

भोकं आणि तडे

ग्रोमेटभोवती चांदणीसारखे तडे दिसले तर बहुधा ड्रिल थेट मोठ्या बिटने मारलं आहे. मागे लाकडाचा ठोकळा धरून २ मिलिमीटरने सुरुवात करा आणि पुढे निमुळत्या रीमरने हाताने वाढवत, दर अर्ध्या मिलिमीटरला ग्रोमेट लावून बघत जा. भोक ग्रोमेटच्या खाचेच्या व्यासाएवढंच हवं. सैल ग्रोमेट कंपनाने भोकाची कड खातो. कड पातळ सुपर ग्लूने एकदा ओलावून घ्या, नायट्रो हेलीत तर नक्कीच, कारण इंधनातलं तेल उघड्या धाग्यांतून आत चढतं आणि नंतर तिथे काहीच चिकटत नाही.

कॅनोपी दांड्यांवर ताणून बसत असेल तर तडे जाणारच, चकत्या कितीही लावा. कॅनोपी बसवताना पुढचे ग्रोमेट लागल्यावर मागचे दांड्याच्या टोकासमोर आपोआप आले पाहिजेत. प्रत्येक बाजूला एक-दोन मिलिमीटर हाताने पसरवावं लागलं तर ठीक, पाच लागत असतील तर भोकाची जागा चुकली आहे. जुनं भोक आतून कापडाच्या चकतीने बुजवून नवं पाडा.

घासताना धूळ ओल्या कागदानेच बसवा आणि एन-९५ मास्क लावा. स्टायरीनच्या वासाला हा मास्क चालत नाही, त्याला कार्बनचं कार्ट्रिज असलेला लागतो. काम झालं की साच्याचे दोन्ही अर्धे वॅक्स लावून एकमेकांना बोल्टने बांधा, पॉलिथिनमध्ये गुंडाळा आणि फरशीवरून उचलून माळ्यावर ठेवा. एकेकटा ठेवलेला अर्धा सहा महिन्यांत पिळतो, आणि पुढच्या कॅनोपीचा सांधा नाकापाशी पायरीसारखा येतो.